दुकानदार, गिऱ्हाईक आणि समाजमाध्यमें

वैशाखाच्या आरंभीं मुंबई-पुण्याच्या घरोघरीं मोबाईलवर एक चित्र हटकून येतें. भाताच्या पेंढ्यांत मांडलेले हापूस आंबे, शेजारीं पेटी, आणि खालीं चार ओळी : "देवगडचा माल तयार आहे. पेटी पांच डझनांची. गुरुवारीं गाडी निघेल." हा संदेश धाडणारा कोणी मोठा व्यापारी नसतो, तो बहुधा स्वतः बागाईतदार असतो, किंवा त्याची शिकलेली मुलगी असते. पंचवीस वर्षांपूर्वीं हा बागाईतदार आपल्याला ठाऊक नव्हता आणि आपण त्याला ठाऊक नव्हतों. तो पेट्या भरून वाशीच्या बाजारांत अडत्याकडे धाडीत असे. भाव तेथें ठरे. आणि आंबा आपल्या घरीं येईपर्यंत तो कोणाच्या बागेंतला हें सांगणारें कोणी उरत नसे.

या नव्या व्यवहाराविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, समाजमाध्यमांवर नांव झळकलें कीं धंदा भरभराटलाच. दुसरा म्हणतो, हे सारे पोरकट चाळे आहेत. चांगल्या मालाला जाहिरात लागत नाहीं. दोहोंच्या म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे, पण मुख्य प्रश्न दोघांनींहि बाजूला ठेवलेला आहे. व्यापाऱ्याला या माध्यमांपासून नक्की काय मिळतें, आणि जें मिळतें त्याचा हिशेब कसा मांडावयाचा? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या माध्यमांचें स्वरूप पाहूं. वर्तमानपत्र, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांत बोलणारा एक व ऐकणारे अनेक असतात. ऐकणाऱ्याला तेथल्या तेथें उत्तर देतां येत नाहीं. समाजमाध्यमांत तें देतां येतें, आणि विशेष हा कीं, तें उत्तर बहुधा इतरांनाहि दिसतें. फेसबुक २००४ सालीं, यूट्यूब २००५ सालीं, व्हॉट्सॲप २००९ सालीं आणि इन्स्टाग्राम २०१० सालीं सुरू झालें. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झालें, आणि हीं माध्यमें शहरांतून खेड्यापाड्यांत पोंचलीं. त्याच २०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें बाजार समितीच्या आवाराबाहेर होणाऱ्या फळें-भाजीपाल्याच्या विक्रीवरील नियमन उठविलें. पुढें जानेवारी २०१८ मध्यें व्हॉट्सॲपनें लहान व्यापाऱ्यांसाठीं निराळी मोफत सोय काढली. तींत आज मालाची सचित्र यादी मांडतां येते आणि गिऱ्हाइकांच्या नांवांवर खुणा करून ठेवतां येतात. बागेपासून घरापर्यंतची वाट अशी मोकळी झाली. पण वाट मोकळी होणें निराळें आणि त्या वाटेनें गिऱ्हाईक येणें निराळें.

गिऱ्हाईक कां येतें, याचें उत्तर शोधण्यासाठीं आपल्याच मुलखांतलें एक जुनें उदाहरण घेऊं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर बनविला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. ते पहिले नांगर विकतांना त्यांना फार खटपट पडली. ज्याच्या मनांत भीति आहे त्याला "नांगर घ्या, नांगर घ्या" असें हजार वेळां ओरडून सांगितलें तरी काय उपयोग? त्याच्याशीं बोलावें लागतें, त्याची शंका ऐकावी लागते, नांगर चालवून दाखवावा लागतो. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें छोटेखानी पत्र काढलें. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व विक्रेत्यांस व्हावी हा त्याचा मूळ हेतु होता. परंतु नुसत्या मालाच्या यादीचें पत्र कोण जपून ठेवणार? हळूहळू त्यांत सर्वसाधारण वाचकाला उपयोगी व रंजक असा मजकूर येऊं लागला, आणि त्यांतूनच 'किर्लोस्कर' हें मराठींतलें नामांकित मासिक उभें राहिलें. पाठोपाठ १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें निघालीं. घेण्याआधीं द्यावें, विकण्याआधीं ओळख करून घ्यावी, हें तत्त्व या कारखानदारांनीं शंभर वर्षांपूर्वीं ओळखलें होतें. समाजमाध्यमांनीं नवें तत्त्व आणलेलें नाहीं. ज्याच्यापाशीं छापखाना नाहीं अशा माणसालाहि तें तत्त्व आचरतां यावें, एवढी सोय त्यांनीं केली आहे.

ही सोय फुकट आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीचें जवळजवळ सारें उत्पन्न जाहिरातींतून येतें. एखाद्या दुकानाचे एक हजार अनुयायी असले, तरी दुकानदारानें टाकलेलें चित्र त्या हजारांच्याहि दृष्टीस पडेल असें नाहीं. कोणाला काय दाखवावयाचें हें कंपनीचें यंत्र ठरवितें. ज्याला जें पाहण्याची संवय आहे त्याला तें आधीं दिसतें. यापलीकडे पोंचावयाचें तर पैसे मोजावे लागतात, आणि त्या जागेचा एक प्रकारें क्षणोक्षणीं लिलाव चाललेला असतो. या लिलावांत नुसता अधिक पैसे देणारा जिंकतो असें नाहीं. जाहिरात पाहून लोक कितपत प्रतिसाद देतील याचाहि अदमास यंत्र घेतें. मात्र एक सवलत लहान व्यापाऱ्याला येथें आहे, ती वर्तमानपत्रांत नव्हती. आपली जाहिरात फक्त पुण्यांतल्या लोकांना, अमुक वयाच्या, अमुक आवडीच्या माणसांनाच दाखवा असें त्याला सांगतां येतें, आणि तें थोड्या रकमेंत सांगतां येतें.

आतां हिशेबाकडे वळूं. समजा, आपल्या बागाईतदारानें हंगामांत जाहिरातीवर सहा हजार रुपये खर्चिले. तीस हजार लोकांनीं ती पाहिली, तीनशें जणांनीं चौकशी केली आणि चाळीस जणांनीं एकेक पेटी घेतली. म्हणजे दर पेटीमागें जाहिरातीचा खर्च दीडशें रुपये पडला. पेटीमागें तीनशें रुपये सुटत असतील तर व्यवहार बुडीत नाहीं. पण अर्धा नफा जाहिरातींत गेला, हेंहि खरें. आतां दुसऱ्या वर्षाचा विचार करा. त्या चाळिसांपैकीं पंचवीस जणांनीं आपण होऊन पुन्हां मागणी केली आणि शेजारपाजारचे आणखी दहा जण आणले, तर पसतीस पेट्या जाहिरातीचा एक पैसाहि न खर्चितां गेल्या. उलट, चाळिसांतले पांचच परत आले, तर त्याला पुन्हां सहा हजार काढावे लागतील, आणि असें दरवर्षीं चालेल. पहिल्या वर्षीं दोघांचे आंकडे सारखेच होते. किती जणांनीं पाहिलें, किती जणांनीं अंगठा उंचावून पसंती दर्शविली, हेंहि सारखेंच होतें. फरक दुसऱ्या वर्षीं कळला. तेव्हां समाजमाध्यमाचें मोल पाहणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवूं नये. परत येणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवावें.

परत येणें हें विश्वासावर अवलंबून आहे, आणि हापुसाच्या व्यापारांत विश्वासाची वाण कशी आहे हें आपण जाणतांच. दुसरीकडला आंबा देवगड-रत्नागिरीच्या नांवानें विकला जातो, ही तक्रार जुनी आहे. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामुळें त्या नांवाला कायद्याचें संरक्षण आलें. पण कायद्याची मोहोर पेटीवर उमटली तरी गिऱ्हाइकाच्या मनांत ती उमटावी लागते. जो बागाईतदार पौषांत मोहोर आल्याचें चित्र दाखवितो, तुडतुड्यांनीं किती नुकसान केलें तें सांगतो, अवकाळी पावसानें भाव कां चढला हें मोकळेपणानें लिहितो, त्याचा आंबा चैत्रांत आला म्हणजे तो ओळखीच्या माणसाचा आंबा होतो. व्हॉट्सॲपची एक रीत येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेथील प्रसारण-यादीनें एकाच वेळीं अनेकांस धाडलेला संदेश, ज्यांनीं धाडणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्यें नोंदून ठेवला आहे, त्यांनाच पोंचतो. म्हणजे गिऱ्हाइकानें आपण होऊन आपल्याला वहींत जागा द्यावी लागते. ती जागा विकत मिळत नाहीं.

आतां या माध्यमांचा दुसरा गुण पाहूं. पुष्कळांना तो दोष वाटतो. हापुसाला 'साका' नांवाची एक व्याधि असते. वरून फळ निर्मळ, पिवळेंधमक. कापलें म्हणजे आंत पांढरट, स्पंजासारखा गर. वरून ती ओळखूं येत नाहीं, म्हणून प्रामाणिक विक्रेत्याच्या पेटींतहि असें फळ निघूं शकतें. पूर्वीं गिऱ्हाईक घरांत चार शब्द बोलून गप्प बसे. आज तें कापलेल्या फळाचें चित्र काढतें आणि शेंकडों लोकांसमोर टाकतें. या वेळीं व्यापारी काय करतो, यावर त्याची पत ठरते. तक्रार पुसून टाकली तर पाहणारे समजावयाचें तें समजतात. "फळ साक्याचें निघालें, बदली फळें पुढच्या गाडीनें धाडतों" असें त्यानें त्याच ठिकाणीं लिहिलें, तर एका गिऱ्हाइकाचें समाधान होतें आणि पाहणाऱ्या शंभरांचा भरंवसा वाढतो. 

मोठ्या कंपन्यांनाहि हा धडा शिकावा लागला आहे. डेव्ह कॅरोल नांवाच्या कॅनडांतील गायकाची गिटार २००८ सालीं युनायटेड एअरलाईन्सच्या प्रवासांत मोडली. कित्येक महिने पत्रव्यवहार करून दाद लागेना, तेव्हां २००९ सालीं त्यानें त्या प्रसंगावर एक विनोदी गाणें रचून यूट्यूबवर ठेवलें. लक्षावधि लोकांनीं तें पाहिलें, आणि मग कंपनीनें भरपाई देऊं केली. जी गोष्ट आरंभीं एका गिटारीच्या दुरुस्तीनें मिटली असती, ती पुढें जगभर झाली. सारांश, ज्याचा माल किंवा वागणूक खोटी आहे त्याला समाजमाध्यम तारीत नाहीं; तें त्याचा दोष लौकर व दूरवर पोंचवितें.

म्हणूनच कांहीं व्यापारी आडवाटेनें जातात. लोकप्रिय व्यक्तींना पैसे किंवा मोफत वस्तु देऊन त्यांच्या तोंडून स्तुति वदवितात, आणि ती स्तुति मैत्रीचा सल्ला म्हणून पुढें येते. आपल्या देशांत जाहिरात-व्यवसायाच्या स्वयंनियामक परिषदेनें २०२१ सालीं आणि केंद्र शासनाच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें जानेवारी २०२३ मध्यें यासंबंधीं नियम घालून दिले. शिफारस करणाऱ्यानें मोबदला, भेट अथवा मोफत प्रवास घेतला असेल, तर तें पाहणाऱ्याला सहज कळेल अशा रीतीनें सांगितलें पाहिजे. व्यापाऱ्यानेंहि हा नियम केवळ दंडाच्या भयानें पाळूं नये. विकत घेतलेली स्तुति उघडकीस आली कीं खरी स्तुतीहि संशयित ठरते, आणि ती हानि भरून निघावयास वर्षें लागतात.

शेवटीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. समाजमाध्यमावरचें दुकान हें भाड्याच्या जागेंतलें दुकान आहे. जून २०२० मध्यें भारत सरकारनें टिकटॉकसह एकूणसाठ चिनी ॲपांवर बंदी घातली, तेव्हां तेथें लाखों अनुयायी जमविलेल्या माणसांचा सारा पसारा एका रात्रींत नाहींसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्ही सुमारें सहा तास बंद पडलीं; ज्यांची सारी विक्री त्यांवरच चालते त्यांचें दुकान तेवढा वेळ बंद राहिलें. यावर उपाय साधा आहे. गिऱ्हाइकाच्या संमतीनें त्याचें नांव, पत्ता, क्रमांक आणि त्यानें केव्हां काय घेतलें याची नोंद स्वतःच्या वहींत ठेवावी. जागा बदलली तरी वही आपल्याबरोबर राहते.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांतून दिवाळीचा फराळ, मसाले, भरतकाम अशा वस्तूंची विक्री होऊं लागली आहे. त्यांनीं या साधनांचा उपयोग अवश्य करावा, मात्र आरंभ लहान करावा : पहिल्या वीस गिऱ्हाइकांचीं नांवें लिहून ठेवावींत, आणि जाहिरातीवर रक्कम टाकण्याआधीं त्या विसांपैकीं किती जण पुढल्या दिवाळीला परत आले तें मोजावें. जे केवळ घेणारे आहेत, त्यांचेंहि एक कर्तव्य आहे. आंबा गोड निघाला तर चार ओळी लिहाव्या. साक्याचा निघाला तर आधीं बागाईतदाराला कळवावें, आणि त्यानें दाद दिली नाहीं तरच चारचौघांत बोलावें. त्या ओळींवर एखाद्या कुटुंबाचा पुढला हंगाम अवलंबून असतो.