आधी हिशेब, मग यंत्र

चित्रपटांच्या दृश्यपरिणामांसाठी संगणक घेताना बहुतेकांची नजर प्रोसेसरवरच खिळते. निवड कशी करावी, याचा धडा जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण अर्थात ‘जीएमआरटी’ देते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून प्रत्येकी दोन, असे ६० संकेत येथे येतात. अद्ययावत यंत्रणेत प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटींपर्यंत नमुने घेतले जातात आणि अँटेनांच्या ४३५ जोड्यांची तुलना होते. एकच क्रिया असंख्य आकड्यांवर एकाच वेळी करावयाची असल्याने हे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपविण्यात आले. रंगसंस्करणातील बरीचशी गणितेही याच जातीची असतात.

मात्र आकडे वेळेत पोहोचले नाहीत, तर महागडे कार्डही रिकामे बसते. ‘फोर-के’ चित्रपटाची १० बिटांची, न दाबलेली एक चौकट सुमारे साडेतीन कोटी बाइटची असते. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे सुमारे ८५ कोटी बाइट. साधी हार्डडिस्क याच्या निम्माही वेग देत नाही. ‘साटा’ जोडणीची एसएसडीही कमी पडते. तेथे ‘एनव्हीएमई’ एसएसडी किंवा अनेक डिस्कचा संच लागतो. म्हणूनच अंदाजपत्रकात पहिला आकडा साठवणुकीचा मांडावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची निवड त्यानंतर.