बंगळुरूत बटण, मुंबईत संगणक

मुलांनो, तारीख होती ६ ऑक्टोबर २०१४. सोमवार, सकाळचे आठ. बंगळुरूच्या फ्लिपकार्ट कंपनीनं त्या दिवशी ‘बिग बिलियन डे’ नावाचा मोठा सेल ठेवला होता. देशभरातली माणसं आठ वाजायची वाट पाहत बसली होती. आठ वाजले आणि सगळेच्या सगळे एकदम त्या वेबसाइटवर तुटून पडले! कुणाचं पान उघडेना. कुणी वस्तू निवडली, तर पैसे भरेपर्यंत ती संपलेली. नंतर सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या संस्थापकांनी ग्राहकांना ईमेल पाठवून माफी मागितली. जवळपास ५००० सर्व्हर लावले होते, २० पट गर्दीची तयारी केली होती, तरी गर्दी त्याहून जास्त निघाली, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या कामासाठी रात्रंदिवस चालू असणारा संगणक. त्याच्यासमोर बहुतेक वेळा पडदाही नसतो आणि कीबोर्डही नसतो. फोनवर तुम्ही एखादी वस्तू शोधता, तेव्हा फोन फक्त विचारतो. शोधाशोध करून उत्तर पाठवतो तो दूरचा सर्व्हर.

आता सांगा, असे सर्व्हर विकत घ्यायचे तर किती घ्यायचे? रोजच्या गर्दीपुरते घेतले, तर सेलच्या दिवशी कमी पडणार. सेलपुरते घेतले, तर उरलेलं वर्षभर ते नुसते बसून वीज खाणार आणि जुने होत जाणार. घरात लग्न आहे म्हणून दोनशे माणसांच्या भाताचं पातेलं कुणी विकत आणतं का? चार दिवसांसाठी भाड्यानं आणतो आणि घासूनपुसून परत देतो. संगणकही असेच भाड्यानं घ्यायचे, गर्दी वाढली की जास्त, ओसरली की कमी. क्लाउड कॉम्प्युटिंग म्हणतात ते हेच. ॲमेझॉननं ऑगस्ट २००६ मध्ये असे संगणक भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा छोट्या संगणकाचं भाडं होतं तासाला १० सेंट. म्हणजे त्या वेळचे पाच रुपयेसुद्धा नाहीत!

तुमची ताई किंवा दादा बंगळुरूला इंजिनिअरिंग शिकत असेल, तर त्यांना विचारून बघा. क्लाउडच्या पहिल्या तासाला बहुधा हेच करायला लावतात: एक पान उघडायचं, त्यावर निवडायचं, की मला दोन कोअरचा (म्हणजे हिशेब करणाऱ्या दोन भागांचा) प्रोसेसर हवा, चार जीबी मेमरी हवी, लिनक्स (म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम) हवं आणि जागा हवी मुंबई. बटण दाबायचं. मिनिटभरात संगणक तयार! ताई बंगळुरूत, संगणक मुंबईत. आणि हा संगणक तिथं कुणी उचलून टेबलावर ठेवलेला नाही, की वायर जोडलेली नाही. मग तो आला कुठून?

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथं सुरू होते. मुंबईत लोखंडी कपाटांत मोठमोठे सर्व्हर रचलेले असतात. एकेका सर्व्हरमध्ये प्रोसेसरचे कितीतरी कोअर असतात आणि शेकडो जीबी मेमरी असते. त्यावर हायपरव्हायजर नावाचा एक प्रोग्रॅम चालतो. तो त्या एका यंत्राचे अनेक वाटे करतो आणि प्रत्येक वाट्यात एक वेगळा संगणक आहे असा हुबेहूब देखावा उभा करतो. ताईला मिळालेलं लिनक्स सुरू होताना विचारतं, ‘माझ्याकडे मेमरी किती?’ उत्तर मिळतं, ‘चार जीबी.’ त्याच यंत्रावर आणखी कुणाकुणाचं काम चालू आहे, याचा त्याला पत्ताच नसतो. बरं, त्यानं शेजाऱ्याच्या मेमरीत डोकवायचं ठरवलं तर? तेही जमत नाही. त्यानं मागितलेला मेमरीचा प्रत्येक क्रमांक प्रोसेसर एका तक्त्यात बघतो आणि खऱ्या जागेच्या क्रमांकात बदलतो. ताईच्या तक्त्यात शेजाऱ्याच्या जागा लिहिलेल्याच नसतात! हा तक्ता हायपरव्हायजरच्या ताब्यात असतो. ताईचं लिनक्स त्याला हातही लावू शकत नाही. एका यंत्रात अनेक संगणक, आणि प्रत्येकाला वाटतं की इथं मी एकटाच आहे. किती सुंदर युक्ती आहे ही!

युक्ती नवी नाही बरं का. आयबीएम या संगणक कंपनीच्या संशोधकांनी ती १९६० च्या दशकातच करून पाहिली होती, कारण तेव्हा संगणक इतके महाग होते की एकानं अनेकांना पुरावं लागे. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तोही एका संस्थेपुरता नव्हता. देशातल्या कितीतरी संस्थांची गणितं त्यावर सुटली. प्रोग्रॅम तेव्हा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असे. कार्डांचा गठ्ठा यंत्रापर्यंत पोचवायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, मग छापील उत्तर हाती यायचं.

आज बंगळुरूहून मुंबईला गठ्ठा नाही, प्रकाश जातो. काचेच्या बारीक तंतूतून, सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगानं. हजार किलोमीटरला किती वेळ लागेल? करा भागाकार! सेकंदाचा दोनशेवा भाग. परत यायला तेवढाच. केबलचे वळसे आणि वाटेतली यंत्रं थोडा वेळ खातात, ते धरूनही ताईची पापणी लवायच्या आत उत्तर परत आलेलं असतं. हेच यंत्र अमेरिकेत असतं तर सेकंदाचा पाचवा भाग किंवा त्याहून जास्त वेळ लागला असता. ऐकायला थोडासाच, पण गेम खेळणाऱ्याला विचारा! म्हणून तर मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपली यंत्रं आणून बसवली. मुंबईचा आणखी एक फायदा आहे. समुद्राच्या तळावरून परदेशातून येणाऱ्या केबल तिच्या किनाऱ्याला लागतात.

ही यंत्रं ज्या इमारतींत ठेवतात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आत हजारो सर्व्हर तापत असतात, म्हणून थंड हवा सतत खेळवावी लागते. वीज गेली तर आधी बॅटऱ्या आणि मग डिझेलचे जनरेटर भार उचलतात. तेवढ्यावरही भरवसा ठेवत नाहीत. तुमच्या फोटोसारख्या गोष्टी एकमेकांपासून दूर असलेल्या दोन-तीन इमारतींत साठवून ठेवतात, म्हणजे एका ठिकाणी आग लागली तरी फोटो वाचतो. या सगळ्याला वीज भरपूर लागते आणि बऱ्याच ठिकाणी पाणीही. आपण ‘फुकट’ साठवलेल्या प्रत्येक व्हिडिओसाठी ती खर्च होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

फ्लिपकार्टचं पुढं काय झालं? फेब्रुवारी २०१७ मध्ये या कंपनीनं मायक्रोसॉफ्टचा क्लाउड वापरायचा करार बंगळुरूत जाहीर केला.

ताई-दादांना एक सांगून ठेवा हं. काम झालं की मुंबईतला तो संगणक बंद करायचा, आणि पुन्हा नकोच असेल तर काढूनच टाकायचा. तुम्ही झोपलात तरी भाडं चालूच राहतं.

आता घरच्या घरी एक प्रयोग. मोठ्यांना विचारून दोन फोनवर एकच गूगल डॉक उघडा. एकावर तुमचं नाव टाइप करा. दुसऱ्यावर ते उमटेल. आता पहिल्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि पुन्हा काहीतरी टाइप करून बघा. दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून ठेवा, तरी दुसऱ्यावर काही उमटणार नाही. म्हणजे मघाशी तुमचं नाव नक्की कुठून फिरून आलं? वहीत त्याच्या वाटेचं चित्र काढा, आणि मधे एक डेटा सेंटर काढायला विसरू नका.