दहीभात न मागणारी भुतं

आपल्या निपाणी-बेळगावकडच्या मुंजा-हडळींचं एक बरं असतं. त्यांना काहीतरी हवं असतं. दहीभाताचा उतारा टाकला की सुटलो! माईक मिन्योला यांच्या 'हेलबॉय' कॉमिक्समध्ये ती सोय नाही. तिथं ऑग्ड्रू जहाद नावाचे सात महाराक्षस अवकाशात कोंडलेले आहेत आणि माणूस त्यांच्या खिजगणतीतही नाही. हे भय एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) यांच्या कथांच्या वळणाचं.

मला मात्र राक्षसांपेक्षा हेलबॉयच जास्त धरून ठेवतो. त्याचा दगडी उजवा हात म्हणजे त्या राक्षसांना सोडवायची किल्ली. जगाचा अंत त्याच्या हातून होणार, हे जन्मापासून ठरलेलं. आणि हा गडी काय करतो? कपाळावरची शिंगं घासून टाकतो आणि कामावर जातो! 'तू नक्की कुठला?' हे लहानपणापासून ऐकणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या पोरांना तो लगेच आपला वाटेल.

घरातल्या मोठ्यांनी नारायण धारपांचे 'समर्थ' वाचले असतील, तर त्यांनाही हे पुस्तक दाखवा, गप्पा रंगतील. सुरुवात १९९४ च्या 'सीड ऑफ डिस्ट्रक्शन'पासून करा. धाकट्या भावंडांच्या हाती मात्र एवढ्यात देऊ नका.