कानाच्या पाळीला हात

माझ्याकडे संध्याकाळी गाणे शिकायला एक डॉक्टर येतात. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. पण मला 'मास्तर' म्हणतात आणि तंबोरा स्वतः काढून जुळवायला बसतात. परवा मात्र तंबोरा कोपऱ्यातच राहिला. सकाळी दवाखान्यात एका म्हातारीला घेऊन आलेल्या तरुणाने भिंतीवरचे पदवीचे प्रमाणपत्र वाचले आणि सहज विचारले, "साहेब, आपण कोणत्या सालचे?" डॉक्टरांनी साल सांगितले. ते पुष्कळ जुने होते. तरुणाचे समाधान झाले, पण डॉक्टरांचे मात्र बिनसले. "मास्तर, मी तर काही केले नाही. मग साल सांगताना माझी मान खाली का गेली?"

मध्य प्रदेशातल्या सरकारी वैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडलेल्या माणसाला हा प्रश्न का बोचतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरी थोडी उजळणी करतो. व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजेच 'व्यापम', डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा घेत असे. जुलै २०१३ मध्ये इंदुरात दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसायला आलेले तोतये पकडले गेले आणि सारा गुंता बाहेर येऊ लागला. कोणी उत्तरपत्रिका कोरी ठेवी आणि ती मागाहून भरली जाई. आणखी एक युक्ती होती. तिला त्या धंद्यात 'इंजिन-बोगी' म्हणत. बैठकीचे क्रमांक असे लावून घ्यायचे की हुशार मुलगा पुढे यावा आणि पैसे भरलेला त्याच्या पाठीमागे. पुढच्याने सोडवावे, मागच्याने उतरवावे. ही 'इंजिने' बरेचदा वैद्यकीय कॉलेजांत आधीच शिकत असलेली बुद्धिमान मुले असत.

९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. २००८ ते २०१२ या काळातले ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले होते. त्यांच्यापुढे काय, यावर २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. त्यांचे शिक्षण वाया घालवू नये, पण त्यांनी पाच वर्षे सैन्यदलात निर्वाहापुरत्या भत्त्यावर सेवा करावी, असे न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे मत होते; न्यायमूर्ती सप्रे यांना ते मान्य नव्हते. शेवटी १३ फेब्रुवारी २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कोणतीही सवलत नाकारली. मंडळाचे नावही पुढे बदलले. पण भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहण्याची लोकांची नजर नाव बदलल्याने बदलत नाही.

डॉक्टरांना मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण 'इंजिन' हा शब्द ऐकला की मला माझी पेटी आठवते.

वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. बाविशीत असताना, ज्या संस्थेत मी शिकलो तिच्याच परीक्षेत साथीला बसलो होतो. एका वजनदार घरची मुलगी यमन गायला आली. तिला एकही तान येईना. कोणीतरी माझ्याकडे सूचक नजरेने पाहिले, आणि मी प्रत्येक जागा आधी पेटीवर वाजवू लागलो. पेटी पुढे, गळा मागे. मुलगी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. घरी येऊन मी हा किस्सा हसत सांगितला. वडिलांनी पानाचा डबा मिटला आणि एवढेच विचारले, "परीक्षा मग कोणाची झाली?" दुसरे दिवशी त्यांनी मला रियाजाला बोलावले नाही. त्या संस्थेत जाऊन खरे सांगण्याचे धैर्य मला तेव्हा झाले नाही. त्याच दिवशी खरोखर तयारीने आलेली एक गरीब घरची मुलगी दुसऱ्या वर्गात राहिली होती. तिचे नाव मला आजही पाठ आहे.

ग्वाल्हेरकरांना परीक्षेचे मोल अधिक कळायला हवे. १९१८ साली माधवराव महाराजांनी पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली येथे संगीत विद्यालय काढले. त्याआधी विद्या गंडा बांधून, उस्तादाच्या मर्जीने मिळे. घराण्याबाहेरच्या मुलाने कोणाच्या दारात उभे राहायचे? ठरलेला अभ्यासक्रम आणि उघडी परीक्षा यांनी त्याला दार मिळवून दिले. परीक्षा खोटी झाली की पहिल्यांदा हेच दार बंद होते. वाड्यातल्या मुलांना दुसरी दारे असतातच.

परंतु जुन्या पद्धतीतली एक गोष्ट कॉलेजांनी उचलायला हवी होती. गुरूचे नाव घेताना आपण कानाच्या पाळीला हात लावतो. त्यात आदर आहे, तशी क्षमायाचनाही आहे: माझ्याकडून काही उणे झाले तर त्या नावाला बोल लागेल, याची जाणीव. आपल्या कॉलेजचे नाव आयुष्यभर पाटीवर लावून अन्न मिळवणाऱ्याने त्याचा मान तेवढा घ्यावा आणि अपमान आला की "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणून बाजूला व्हावे, हे मला पटत नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याचा दोष त्याच्यावर नाही. पण नावाचे देणे त्याच्यावर आहे.

ते कसे फेडावे? संस्थेची बाजू घेऊन भांडल्याने नव्हे, आणि तिला शिव्या घालूनही नव्हे. आपल्याला जे ठाऊक आहे ते योग्य ठिकाणी सांगावे. जो तक्रार करतो त्याला एकटे पडू देऊ नये. ग्वाल्हेरच्या आशीष चतुर्वेदी या तरुणाने व्यापमविरुद्ध आवाज उठवला. तो सायकलवर आणि संरक्षणाचा पोलीसही सायकलवर, असे दृश्य या शहराने पाहिले. तो डॉक्टर नव्हता. आणि त्याच वर्षांत प्रामाणिकपणे अभ्यास करून आलेल्या, आज विनाकारण संशयाखाली वावरणाऱ्या धाकट्यांच्या पाठीशी थोरल्यांनी उघडपणे उभे राहावे.

हे सारे मी डॉक्टरांना सांगितले, पेटीची हकीकतसुद्धा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढल्या महिन्यात आमच्या तुकडीचा मेळावा आहे. कमानीसाठी वर्गणी काढायचे घाटत आहे. मी वर्गणी देईन, पण आधी हा विषय काढीन. मंडळी रागावतील."

"रागावू द्या," मी म्हटले.

त्यांनी तंबोरा घेतला. त्या दिवशी आम्ही यमन गायलो; पेटी मी उघडली नाही.