संज्ञा तीच, अर्थ निराळा : चियांग माई नगरातील नित्यजीवन आणि धम्म

थायलंड हा बौद्ध देश आहे, असे आपण सहज म्हणतो. तेथील लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बौद्ध आहेत आणि २०१७ च्या राज्यघटनेनुसार राजा बौद्ध असणे आवश्यक आहे, हे खरे आहे. परंतु देश बौद्ध असणे आणि त्या देशातील प्रत्येक प्रथा बुद्धाच्या शिकवणुकीतून आलेली असणे या दोन भिन्न गोष्टी होत. आपल्या समाजातील तरुण आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि धम्माच्या अभ्यासासाठी थायलंडला जातात. त्यांपैकी काही जण तेथील सर्वच आचार शुद्ध धम्म म्हणून स्वीकारतात, तर काही जण ‘ही तर मूर्तिपूजाच’ असे म्हणून सर्वच झिडकारतात. या दोन्ही टोकांपासून दूर राहावयाचे असेल, तर परक्या नगरातील रोजचे जगणे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने उत्तर थायलंडमधील चियांग माई या नगराचा विचार येथे करावयाचा आहे.

नगराचा पालि वारसा

लान ना राज्याचा राजा मंगराय याने १२९६ साली चियांग माई वसविले. सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या बाजूंचा चौकोनी खंदक आजही जुन्या नगरास वेढून आहे आणि त्याच्या आतच तीसहून अधिक विहार आहेत. थाई भाषेत विहाराच्या संपूर्ण परिसरास ‘वत’ म्हणतात. खंदकाच्या बाहेर असलेला ‘वत चेत योत’ हा सात शिखरांचा विहार पंधराव्या शतकात राजा तिलोकराज याने बुद्धगयेच्या महाबोधी विहाराच्या धर्तीवर उभारला. १४७७ साली तेथे त्रिपिटकाच्या संशोधनासाठी संगीती भरली. थाई परंपरा हिला आठवी संगीती मानते.

याच नगरातील सिरिमंगल या भिक्खूने १५२४ साली ‘मंगलत्थदीपनी’ हा पालि ग्रंथ रचला. आपल्याकडे विवाह व अन्य मंगल प्रसंगी जे महामंगल सुत्त म्हटले जाते, त्याचेच हे विस्तृत विवरण होय. थायलंडच्या पालि परीक्षांत तो आजही पाठ्यग्रंथ आहे. या भूमीशी आपले नाते केवळ भावनेचे नसून ग्रंथांचेही आहे, याचा हा पुरावा म्हणता येईल.

रोजच्या व्यवहारातील पालि शब्द

परदेशी मनुष्य चियांग माईत स्थिरावू लागला की घर भाड्याने घेण्यापासून त्याच्या व्यवहारांना आरंभ होतो. करारपत्राच्या माथ्यावर ‘सन्या’ असा शब्द असतो. हा पालिमधील ‘सञ्ञा’ होय. पालित त्याचा अर्थ जाणीव, ओळख असा आहे व पंचस्कंधांतील तो एक स्कंध आहे. मराठीत तोच शब्द ‘संज्ञा’ या रूपाने पारिभाषिक नाव या अर्थी रूढ झाला. थाई भाषेत तो वचन व करार या अर्थी स्थिरावला.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. कोणाची दया आली म्हणजे थाई मनुष्य ‘सोंगसान’ म्हणतो. हा ‘संसार’ होय. पालित जन्ममरणाचे चक्र, मराठीत घरप्रपंच, थाईमध्ये करुणा! पालितील ‘मान’ म्हणजे अहंकार, मराठीत तो सन्मान झाला, थाईमध्ये ‘माना’ म्हणजे चिकाटी. ‘इच्छा’ तेथे मत्सर या अर्थी वापरतात. उच्चारभेदांचे नियम ध्यानात घेतले की हे शब्द ओळखू येतात. शब्दाच्या आरंभीचा ‘प’ तेथे ‘ब’ होतो, म्हणून ‘पुञ्ञ’ हा ‘बुन’ व ‘पाप’ हा ‘बाप’; ‘ब’ हा ‘फ’सारखा उच्चारला जातो, म्हणून ‘बुद्ध’ हा ‘फुत’; अंती येणारे ‘र’ आणि ‘ल’ हे ‘न’ होतात, म्हणून ‘विहार’ हा ‘विहान’ आणि ‘मंगल’ हा ‘मोंगखोन’.

शब्द एका देशातून दुसऱ्या देशात गेला की त्याचा अर्थ बदलतो. यात कोणाचा दोष नाही. आपणही ‘संसार’ शब्दाचा अर्थ बदललाच आहे. तथापि मूळ अर्थ ठाऊक असणाऱ्यास बदल कोठे झाला हे कळते. आचारांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते.

कालगणना

भाड्याच्या पावतीवर अथवा शासकीय कागदावर २०२५ ऐवजी २५६८ असे वर्ष आढळते. ही बुद्धसंवताची गणना असून इसवी सनात ५४३ मिळविले की ती येते. श्रीलंकेच्या गणनेपेक्षा ती एका वर्षाने मागे आहे. त्यामुळे महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे भारतात १९५६ साली साजरी झाली, तर थायलंडमध्ये १९५७ साली. १४ ऑक्टोबर १९५६ या धम्मदीक्षेच्या दिवशी थाई दिनदर्शिकेवर २४९९ हे वर्ष होते.

प्रत्येक चांद्रमासात चार उपोसथाचे दिवस येतात. त्यांना ‘वन फ्रा’ म्हणतात. त्या दिवशी विहारात उपासकांची, विशेषतः वृद्धांची गर्दी असते. माघ, वैशाख व आषाढ पौर्णिमा हे सार्वजनिक सुट्टीचे दिवस आहेत. वर्षावासात काही काळ चीवर धारण करण्याची पद्धत पुरुषांमध्ये रूढ असून शासकीय सेवकांना त्यासाठी १२० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. आपल्याकडील श्रामणेर शिबिरांशी तुलना करता, समाजाने व शासनाने या प्रथेस दिलेले पाठबळ नजरेत भरते.

पिंडपात आणि संघदान

पहाटे भिक्खू अनवाणी पायांनी पिंडपातास निघतात. थाई उच्चार ‘बिन्थबात’ असा आहे. बाजारात भात, कालवण, पाणी यांची तयार पुडकी मिळतात. देणारा पादत्राणे काढून अन्न पात्रात ठेवतो आणि भिक्खू आशीर्वचनाच्या गाथा म्हणतात. परदेशी रहिवाशासही हे दान देता येते. कोणी जात, गोत्र वा देश विचारीत नाही.

दुकानांतून साबण, टॉवेल, औषधे इत्यादी वस्तूंनी भरलेल्या पिवळ्या बादल्या विकावयास ठेवलेल्या असतात. हे ‘संखथान’, म्हणजे संघदान. मज्झिम निकायातील दक्खिणाविभंग सुत्तात व्यक्तीस दिलेल्या दानापेक्षा संघास दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. या प्रथेचे मूळ तेथे आहे. परंतु व्यवहारात ‘बुन’ हा पुष्कळदा संचयाचा विषय होतो. दान दिले म्हणजे पुढील जन्माच्या खात्यात काही जमा झाले, असा हिशेब मांडला जातो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात धम्म हा मूलतः सामाजिक आहे, माणसामाणसांतील योग्य संबंध हा त्याचा गाभा आहे, असे प्रतिपादन केले. त्या दृष्टीने पाहता दान हे देणाऱ्याच्या खात्यापेक्षा घेणाऱ्याच्या गरजेशी अधिक जोडलेले असावयास हवे.

थायलंडमध्येही या विचाराची उदाहरणे आहेत. दोई सुथेप पर्वतावरील प्रसिद्ध विहाराकडे जाणारा रस्ता १९३४-३५ मध्ये ख्रूबा श्रीविचय या भिक्खूच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी श्रमदानाने काही महिन्यांत तयार केला. १९०२ च्या संघविषयक कायद्यानंतर उपाध्याय नेमण्याचा अधिकार बँकॉककडे गेला होता. त्या अधिकाराविना प्रव्रज्या दिल्याबद्दल या भिक्खूची चौकशी झाली, त्यांना नजरकैदही भोगावी लागली. आजही वैशाख पौर्णिमेच्या आदल्या रात्री सहस्रावधी लोक त्याच रस्त्याने पायी पर्वत चढतात. लोकांनी बांधलेला रस्ता, हे श्रमाच्या दानाचे उत्तम उदाहरण होय.

बाजार, रात्र आणि मद्य

नगरात फिरण्यासाठी ‘सोंगथेव’ नावाची लाल वाहने असतात. सोंगथेव म्हणजे दोन ओळी. आत समोरासमोर दोन बाके असतात व एकाच दिशेचे उतारू एकत्र बसतात. रविवारी सायंकाळी था फे वेशीपासून राचदामनोएन मार्गावर पायी फिरण्याचा बाजार भरतो आणि त्या मार्गावरील विहारांच्या प्रांगणांत खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. विहाराचे अंगण सर्वांना मोकळे असते, ही गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. सकाळी आठ व सायंकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागले की सर्वजण जागच्या जागी उभे राहतात. परदेशी मनुष्यानेही तसेच करावे.

नगराची दुसरी बाजू रात्री दिसते. मद्यालयांच्या रांगा तेथेही आहेत. पाच बौद्ध सणांच्या दिवशी मद्यविक्रीस बंदी आहे. मात्र २०२५ साली विमानतळ, हॉटेले, परवानाधारक करमणूकगृहे इत्यादींना तीतून सवलत देण्यात आली. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या संपत्तीनाशाची सहा कारणे सांगितली आहेत. मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, तमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस ही ती होत. तेथे कोठेही नरकाचा धाक नाही. धन, आरोग्य, अब्रू व कुटुंब यांच्या हानीचा सरळ हिशेब आहे. घरापासून दूर, ओळखीचे कोणी नसलेल्या नगरात एकट्याने राहणाऱ्या तरुणास हा हिशेब विशेष उपयोगी पडेल.

आहाराविषयीही गैरसमज असतो. थाई भिक्खू मांसाहार करतात हे पाहून आपल्यापैकी काहींना धक्का बसतो. परंतु जीवक सुत्तानुसार आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा शंका असलेले मांस भिक्खूस वर्ज्य आहे. अन्य मांस वर्ज्य नाही. शाकाहारी उपासकाने ‘मंगसविरत’ हा शब्द लक्षात ठेवावा. ‘मंसविरति’चेच ते रूप आहे. चिनी परंपरेतील ‘जे’ आहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

भूमी, ब्रह्मा आणि गणेश

घरांच्या व दुकानांच्या आवारात खांबावर छोटे देऊळ दिसते. ‘फ्रा फूम’ म्हणजे भूमीच्या देवतेचे ते स्थान असून तेथे फुले, पाणी व खाद्यपदार्थ ठेवतात. गणेशाच्या मूर्तीही ठिकठिकाणी आढळतात. राजधानी बँकॉकमधील प्रसिद्ध इरावण स्थानी ब्रह्म्याची मूर्ती नोव्हेंबर १९५६ मध्ये बसविण्यात आली. त्याच्या महिनाभर आधीच नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी ब्रह्मा, विष्णू, महेश व गणपती यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली होती. बौद्ध जगतातील या दोन घटनांमधील अंतर आपण विसरू नये. थाई शेजाऱ्याच्या श्रद्धेचा उपहास करू नये. पण तेथे हात जोडणे म्हणजे बौद्ध आचार होय, असेही समजू नये.

विहारातील बंद दार

सर्वांत गंभीर प्रश्न स्त्रियांचा आहे. वत चेदी लुआंग हा नगरातील अत्यंत पूज्य विहार. त्याच्या आवारातील नगरस्तंभाच्या वास्तूत स्त्रियांना प्रवेश नाही. भिक्खू स्त्रीच्या हातून वस्तू थेट घेत नाहीत. कापड पसरून त्यावर ती ठेवावी लागते. विनयपिटकात कामविकाराने स्त्रीस स्पर्श करण्याविरुद्ध संघादिसेसाचा नियम आहे. दान स्वीकारताना कापड पसरण्याचा नियम नाही. श्रीलंकेचे भिक्खू स्त्रियांकडून दान थेट स्वीकारतात. अर्थात ही थाई रूढी होय.

१९२८ साली संघराजांच्या आदेशाने थाई भिक्खूंना स्त्रियांस प्रव्रज्या देण्याची मनाई झाली. म्हणून भिक्खुनी धम्मनन्दा यांनी २००३ साली श्रीलंकेत उपसंपदा घेतली. चियांग माई प्रांतात निरोधाराम हा भिक्खुनींचा आराम आज उभा आहे. ज्या समाजाने १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह केला, त्या समाजातील उपासिकेने परदेशातील विहारात ‘स्त्रियांना प्रवेश नाही’ असा फलक पाहिला तर ‘तेथील परंपरा’ एवढे म्हणून गप्प बसावे काय? फलकासमोर भांडण करणे पाहुण्यास शोभणार नाही. परंतु ती परंपरा येथे आणू न देणे हे आपल्या हाती निश्चितच आहे.

कसोटी

परदेशातील बौद्ध नगरात राहणाऱ्याने प्रत्येक प्रथेपुढे तीन प्रश्न ठेवावेत. हिचे मूळ सुत्त-विनयात आहे काय? ती लोभ, द्वेष व मोह कमी करते की वाढविते? आणि ती माणसामाणसांत समता आणते की भेद? पहिल्या प्रश्नासाठी पालिचा अभ्यास हवा. दुसरा कालामांना केलेल्या उपदेशातून येतो. तिसरा बाबासाहेबांनी आपल्याला शिकविला. पहाटेचा पिंडपात, विहाराचे खुले अंगण, श्रमाने बांधलेला रस्ता या कसोटीस उतरतात. भूमीदेवतेचा नैवेद्य आणि बंद दार उतरत नाहीत. चियांग माईहून परतणाऱ्या उपासक-उपासिकांनी सामानात तावीज आणण्याऐवजी ही निवड करण्याची दृष्टी आणावी. आपल्या विहारांना तिची खरी गरज आहे.