‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : संगणकांतील एका दोषाचा शोध

बालाघाटाच्या डोंगरांत दऱ्या आहेत. दर्या मात्र आमच्या लातुरापासून पुष्कळ दूर. हा भेद लहान मूलही जाणतें. परंतु एखादा निबंध एका संगणकावरून दुसऱ्यावर नेतांना कधीं कधीं दऱ्यांचा दर्या होतो. त्याहूनही विचित्र प्रकार असा कीं, ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्यांपुढें स्पष्ट दिसत असूनही शोधावयास सांगितला असतां यंत्र ‘असा शब्द नाहीं’ म्हणून निक्षून सांगतें.

यंत्र अक्षर जाणत नाहीं, अंक जाणतें. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतांत प्रत्येक वर्णास अंक नेमून दिला आहे. र यास २३५२, ऱ यास २३५३, हलन्ताच्या चिन्हास २३८१. आतां ‘दऱ्या’ यांतील अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती या संकेतास मान्य आहेत. एकींत ऱ व हलन्त येतात. दुसरींत साधा र, हलन्त व त्यांमागून ८२०५ अंकाचें एक अदृश्य जोडचिन्ह. आपल्या कळफलकानें कोणती रीत धरली हें लिहिणारास कळतही नाहीं. तें अदृश्य चिन्ह वाटेंत गळालें कीं दरी जाऊन समुद्र उभा राहिला!

येथें डोळा कामाचा नाहीं. गिडो व्हान रॉसम यांनीं निर्मिलेली पायथन ही भाषा विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही व्यवस्थांवर चालते. म्हणून एका यंत्रावरील परीक्षा दुसऱ्यावर तशीच करून पाहतां येते. तिच्या ‘लेन’ या आज्ञेनें दोन्ही शब्द मोजावे : एकांत ५ घटक, दुसऱ्यांत ६. चोर येथेंच सांपडतो. मग ‘ऑर्ड’ या आज्ञेनें एकेका घटकाचा अंक काढिला कीं २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ ही एक माळ. आणि २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६ ही दुसरी. मोठ्या आज्ञावलींत दोष कोठें शिरतो हें पाहणें असल्यास ‘पीडीबी’ नांवाचें साधन आहे. तें सांगितलेल्या ओळीवर काम थांबवितें, व तेथून एकेक ओळ चालवीत शब्दाच्या पोटांत त्या क्षणीं काय आहे तें दाखवितें. अंदाजानें ओळी खोडीत बसण्यापेक्षां ही रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

तुलना करण्यापूर्वीं २३५२, २३८१, ८२०५ या त्रयीच्या जागीं २३५३, २३८१ ही जोडी घालावी, म्हणजे शोध लागतो. अदृश्य चिन्हें सरसकट पुसणें हा कित्येकांचा आवडता उपाय. पण त्यानेंच दऱ्यांचा दर्या होतो. आणि चिन्ह आधींच गळालें असेल तर? ‘आचार्यास बोलवा’ या वाक्यांत गुरूस बोलाविलें आहे कीं मूळच्या ‘आचाऱ्यास’, म्हणजे स्वयंपाक्यास, हें मराठी जाणणारानेंच मागचा पुढचा मजकूर वाचून ठरवावें लागतें.