ड्राइव्ह दिसत नाही म्हणून संगणक भंगारात घालू नका

गेल्या वर्षी आमच्या पुतणीची बारावी झाली आणि पुढच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ सुरू झाली. ही धावपळ आपल्यातल्या बहुतेक घरांनी अनुभवलेली आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा शाळेचा पुरावा हाती असला म्हणजे अर्ध्या चिंता मिटतात, आणि तो शोधायचा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेपर्यंत जावे लागते. आम्ही नगरला एका खासगी पेढीत लेखनिक. सरकारी नोकरी घरात कुणालाच नाही, त्यामुळे वैधता प्रमाणपत्र आजवर कुणाचेच काढलेले नव्हते. आमचे आजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत, चार इयत्ता शिकले; पण आपल्या गावी नव्हे, मामाच्या घरी राहून. आणि मामांचे बिऱ्हाड नेवासा तालुक्यात तीन गावे फिरलेले. कोणत्या गावच्या शाळेत तात्यांचे नाव आहे, हे सांगणारे माणूस आता उरले नाही.

ठाऊक होते ते एकट्या धाकट्या भावाला. त्याने २००८ साली एका भरतीसाठी त्या शाळेतून तात्यांचा निर्गम उतारा काढून आणला होता. भाऊ २०२१ च्या करोनात गेला. पुतणी ही त्याचीच मुलगी. त्याने आणलेला कागद पत्र्याच्या पेटीत होता, वाळवीने त्याची चाळण केली. पण भाऊ नीटनेटका माणूस. झेरॉक्सच्या दुकानात कागद स्कॅन करून त्याने तो घरच्या संगणकावर सीडीत उतरवून ठेवला होता. डब्यात सीडी सापडली. वर त्याच्या अक्षरात लिहिलेले, 'तात्यांचे कागद'.

आजच्या लॅपटॉपला सीडीची ड्राइव्ह नसते. ज्या दोन-तीन नेट कॅफेत विचारले तिथेही नव्हती. म्हणून माळ्यावरचा जुना संगणक खाली घेतला. २००६ साली हप्त्यांवर घेतलेला, पेंटियम फोर. बिलावर अजून 'अहमदनगर' छापलेले आहे. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज येईल तेव्हा भाऊ आणि आम्ही त्यावर एमएस-सीआयटीचा सराव करत असू. तो चालू झाला, पडदा उजळला, घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. 'माय कॉम्प्युटर' उघडले तर सीडीच्या ड्राइव्हचे चित्रच तिथे नाही. ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये डोळ्यांना दिसते आहे, बटण दाबले की ट्रे बाहेर येतो, आणि संगणक म्हणतो, माझ्याकडे अशी वस्तूच नाही.

दुरुस्तीवाल्याकडे स्कूटरवर घालून नेला. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि मदरबोर्ड गेला असे सांगितले. भंगारात द्या, म्हणाला. पुतणीचे तोंड एवढेसे झाले. परत येताना ठरवले की भंगार तर भंगार, पण निदान आपल्या हाताने उघडून पाहू. पुढचे दोन रविवार त्यात गेले. त्यातून जे कळले ते इथे सविस्तर लिहितो, कारण असे संगणक आणि असे सीडीचे डबे कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहेत.

सर्वांत आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा. ड्राइव्ह नेमकी कुणाला दिसत नाही? संगणकात दोन पहारेकरी असतात असे समजा. बटण दाबताच पहिला जागा होतो, त्याचे नाव बायोस. आपल्याला काय काय जोडले आहे याची तो हजेरी घेतो आणि मग कारभार दुसऱ्याकडे, म्हणजे विंडोजकडे सोपवतो. पहिल्याच्या हजेरीत ड्राइव्हचे नाव नसेल तर दोष तारेत, जोडणीत किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये आहे. विंडोज दहा वेळा नव्याने टाकले तरी उपयोग नाही. पहिल्याच्या हजेरीत नाव आहे आणि दुसऱ्याच्या नाही, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, दोष विंडोजमध्ये आहे. दुरुस्तीवाल्याने हा एक प्रश्न विचारला असता तर आमची एक फेरी वाचली असती.

हजेरी पाहायची कशी? संगणक चालू होताना 'डिलीट' किंवा 'एफ टू' हे बटण टकटक दाबत राहा. निळ्या किंवा करड्या रंगाचा पडदा येईल. त्यात प्रायमरी मास्टर, प्रायमरी स्लेव्ह, सेकंडरी मास्टर, सेकंडरी स्लेव्ह अशा चार जागा लिहिलेल्या असतात. आमच्या पडद्यावर सेकंडरीच्या दोन्ही जागांपुढे 'नन', म्हणजे कुणीही नाही. आणखी एक गंमत दिसली. संगणकाच्या मते ती तारीख जानेवारी २००२ ची होती! मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि आपण केलेल्या नोंदी पुसल्या जातात. कधीकधी ड्राइव्हची जागाच बंद होऊन बसते. सेल बदलला, तारीख नीट केली, चारही जागांपुढे 'ऑटो' केले. ड्राइव्ह तरीही गैरहजर.

मग कॅबिनेट उघडले. उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. आणि जिथे विजेची जाड वायर येते तो पत्र्याचा बंद डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. बाकी सगळीकडे हात घालायला हरकत नाही. आमच्या संगणकात धुळीची गादी होती आणि एका पालीचा सांगाडा. धूळ मऊ ब्रशने काढली.

ड्राइव्हच्या पाठीमागे दोन जोडण्या असतात. एक वीज देणारी, चार तारांची: पिवळी, दोन काळ्या आणि लाल. दुसरी माहिती नेणारी, रुंद चपटी पट्टी, चाळीस पिनांची. (२००३ नंतरच्या बऱ्याच संगणकांत तिच्याऐवजी बोटाएवढी अरुंद साटा केबल आढळते.) ट्रे बाहेर येतो म्हणून लोक समजतात की जोडणी ठीक आहे. ट्रे फक्त वीज पोहोचल्याची खूण आहे. चपटी पट्टी निघालेली असली तरी ट्रे उघडतोच. म्हणून पट्टी दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवायची. तिच्या एका काठावर लाल रेघ असते, ती बहुधा विजेच्या जोडणीकडे येते. ओढताना तार न धरता काळे डोके धरा. उंदराने कुरतडलेली किंवा घडी पडून तुटलेली पट्टी सरळ बदला. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. नगरला नाही मिळाली तर पुण्यात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळण्यासारखी ती वस्तू आहे.

आमची पट्टी धडधाकट होती. पण तिच्या मधल्या डोक्यावर आणखी एक वस्तू जोडलेली दिसली आणि आम्ही कपाळावर हात मारला. काही वर्षांपूर्वी दाजींच्या बंद पडलेल्या संगणकातली हार्ड डिस्क त्यातले फोटो काढायला म्हणून आम्हीच तिथे लावली होती. फोटो निघाले नाहीत, डिस्क तशीच राहिली, विसरून गेलो. आता खोच अशी की एका पट्टीवर दोन वस्तू बसतात, पण एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह असे सांगावे लागते. हे सांगण्याचे साधन म्हणजे जंपर. ड्राइव्हच्या पाठीवर उडदाच्या दाण्याएवढे प्लॅस्टिकचे टोपण दोन पिनांवर बसवलेले असते; शेजारी 'एमए', 'एसएल', 'सीएस' अशी अक्षरे कोरलेली असतात. दाजींची डिस्कही मास्टर, आमची ड्राइव्हही मास्टर. एका घरात दोन कारभारी झाले की कुणाचेच कुणी ऐकत नाही, तशी दोघांचीही नावे हजेरीतून गेली. मदरबोर्ड बिचारा निर्दोष होता, चूक आमची होती. डिस्क काढून टाकली. (ठेवायचीच असती तर तिचा जंपर चिमट्याने 'एसएल'वर नेला असता.) संगणक चालू केला, आणि सेकंडरी मास्टरपुढे ड्राइव्हचे नाव आले.

पुतणीने धावत जाऊन आईला बोलावून आणले. विंडोज उघडले. चित्र अजून नाही!

दुरुस्तीवाला का कंटाळला असेल ते इथे कळले. एका दोषाखाली दुसरा लपलेला होता. मात्र आता वणवण नव्हती. पहिल्याला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, म्हणजे दोष विंडोजचा. 'माय कॉम्प्युटर'वर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'हार्डवेअर', मग 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे सीडी ड्राइव्हच्या नावावर पिवळे उद्गारचिन्ह होते आणि आत कोड ३९ अशी तक्रार. साधा उपाय आधी करावा: त्या नावावर उजवी टिचकी देऊन 'अनइन्स्टॉल' करा आणि संगणक पुन्हा चालू करा. विंडोज ड्राइव्हला स्वतःहून शोधते. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. आमचे भागले नाही.

कारण सीडी जाळण्याचे सॉफ्टवेअर. ते विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये आपला एक मध्यस्थ बसवते. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी मध्यस्थाची नोंद मागे राहते. विंडोज त्याला शोधते, तो सापडत नाही, मग ते ड्राइव्हलाच नाकारते. ही नोंद रजिस्ट्री नावाच्या वहीत असते. 'रन'मध्ये 'रेजएडिट' असे इंग्रजीत टाकले की वही उघडते. एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या वाटेने उतरत गेले की महिरपी कंसातल्या लांबलचक नावांची यादी येते. त्यांतले ४डी३६ई९६५ ने सुरू होणारे नाव सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचे. त्यावर टिचकी दिली की उजवीकडे 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या दोन ओळी किंवा त्यांपैकी एक दिसते. तेवढ्याच पुसायच्या. पण त्याआधी 'फाइल'मधून 'एक्सपोर्ट' करून त्या पानाची नक्कल ठेवा. या वहीत भलतीच ओळ खोडली तर विंडोज चालू होणार नाही. घाईगडबडीत, पाहुणे बसलेले असताना हे काम करू नका. खोडल्यावर सीडी जाळण्याचे सॉफ्टवेअर चालले नाही तर ते पुन्हा टाकावे लागते.

आम्ही खोडले आणि संगणक पुन्हा चालू केला. चित्र आले.

एक सावधगिरी राहिली. अशा संगणकांवर बहुधा विंडोज एक्सपी असते आणि त्याची सुरक्षा सुधारणा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. इंटरनेट जोडू नका. सीडीतले पेन ड्राइव्हवर घ्या आणि बाजूला व्हा. एवढे करूनही पहिल्या पहारेकऱ्याला ड्राइव्ह दिसली नाहीच, तर ड्राइव्ह गेली असे समजावे. यूएसबीला लागणारी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह मिळते, ती लॅपटॉपलाही चालते.

सीडी घालण्यापूर्वी मऊ सुती कापडाने पुसली, मधून काठाकडे सरळ. गोल गोल पुसायचे नाही, कारण गोल ओरखडा वाचनाच्या वाटेवरच लांबपर्यंत पडतो. ड्राइव्ह बराच वेळ घरघरली. मग फाइल उघडली. पान पिवळे, शिक्का अर्धा, पण शाळेचे नाव, गावाचे नाव, रजिस्टर क्रमांक आणि तात्यांच्या प्रवेशाचे साल १९३८ स्वच्छ वाचता येत होते. जातीच्या रकान्यात शिक्षकाच्या वळणदार अक्षरात 'महार'. पुतणी ते बराच वेळ वाचत राहिली. गाव आम्ही धरून बसलो होतो त्या दोन्हींपैकी नव्हते, तिसरेच निघाले.

स्कॅनची प्रत समितीपुढे मूळ कागद म्हणून चालत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण रजिस्टर क्रमांक हाती असल्यावर शाळेत काम सोपे झाले. पूर्वीची लोकल बोर्डाची, आता जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींनी कपाटातून कापडात बांधलेले रजिस्टर काढले आणि तिसऱ्या दिवशी नवा उतारा सहीशिक्क्यानिशी दिला.

डब्यात आणखी बावीस सीडी होत्या, बहुतेक मोझर बेअरच्या. पुतणीने एकेक लावून पेन ड्राइव्हवर उतरवल्या. अठरा उतरल्या. चार वाचल्या जात नाहीत, त्यांतली एक अक्काच्या लग्नाची आहे. वरच्या बाजूने तिला पोपडे आलेत आणि सीडीचा माहितीचा थर नेमका त्याच बाजूला असतो. तरी एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसरी ड्राइव्ह कधीकधी वाचते. सावेडीत एका स्नेह्यांच्या माळ्यावर तसाच संगणक आहे. येत्या रविवारी तो खाली काढायचा आहे.